‘नर्स होत्या’ एवढ्यावर थांबू नका

संपादक महोदय,

१९६०च्या आसपास नर्सिंगसाठी ब्रिटनला गेलेल्या मुली आता ऐंशी-पंचाऐंशीच्या आज्या झाल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी गेल्या की नातवंडे श्रद्धांजलीचा मजकूर पाठवतात: ‘प्रेमळ, कष्टाळू, परदेशात नर्स होत्या.’ तीस-पस्तीस वर्षांच्या पाळ्या तीन शब्दांत उरकलेल्या पाहून वाईट वाटते.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा की आजी एसआरएन होती की एसईएन. स्टेट रजिस्टर्ड नर्सचे प्रशिक्षण तीन वर्षांचे आणि स्टेट एनरोल्ड नर्सचे दोन वर्षांचे असे. सिस्टर (वॉर्डप्रमुख), मेट्रन (हॉस्पिटलची मुख्य परिचारिका) या पदांची वाट पहिल्या पात्रतेतूनच जायची. बाहेरून आलेल्या अनेक मुलींना हा फरक न सांगताच एसईएनच्या वर्गात बसवले गेले. मायदेशी त्या पात्रतेला बरेचदा मान्यता नसे, आणि हे कळेपर्यंत दोन वर्षे निघून गेलेली असत. म्हणून आजी एसईएन असेल तर तसेच छापा. ‘रजिस्टर्ड नर्स’ अशी परस्पर बढती देऊ नका, त्याने तिच्यावर झालेला अन्यायच पुसला जातो. एसईएन असून ती रात्री अख्खा वॉर्ड सांभाळत असेल, तर ते आवर्जून लिहा.

कागद सापडत नसतील तर आधी बॅज शोधा. त्याच्या मागे बहुधा नाव आणि नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. घासून चकचकीत करू नका, अक्षरे आधीच झिजलेली असतात. तिरका उजेड टाकून भिंगाने वाचा. नर्सची नोंदणी करणाऱ्या तेव्हाच्या जनरल नर्सिंग कौन्सिलची जुनी दप्तरे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) आहेत. रजिस्टर्ड नर्सची १९२१ ते १९७३ची नोंद ‘डीटी १०’ या मालिकेत, तर एनरोल्ड नर्सची १९४४पासूनची ‘डीटी ११’मध्ये आहे. बोटीने आलेल्यांच्या प्रवासी याद्या १९६०पर्यंतच्या आहेत. विमानाने आलेल्यांची नावे त्यांत शोधण्यात वेळ घालवू नका.

शोध फसतो तो बहुतेक वेळा नावामुळे. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, काही घरांत मुलीचे स्वतःचे नावही बदलते. त्यात तिकडचा कारकून मधले नाव आडनावाच्या रकान्यात टाकणार! परीक्षा माहेरच्या नावाने आणि नोकरी सासरच्या नावाने, असेही असते. म्हणून सगळी रूपे इंग्रजी स्पेलिंगांसह एका कागदावर लिहून मगच शोधायला बसा.

आजी हयात असेल तर उद्याच रेकॉर्डिंग करा. टीव्ही बंद, फोन घडी केलेल्या टॉवेलवर, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. श्रवणयंत्राची बॅटरी तपासा. एका बैठकीत चाळीस मिनिटे पुरेत, पुढे ती दमते आणि उत्तरे आखडतात. ‘तिकडे कसे वाटायचे?’ असे विचारले की ‘बरे होते’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी हातांच्या कामाबद्दल विचारा. रात्रपाळीचा पहिला तास कसा जायचा? काचेच्या सिरिंज कशा उकळायच्या? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलताना टाच, माकडहाड, कोपर यांत आधी काय पाहायचे? मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असे आणि वहीत दोन सह्या कोणाच्या? इथे तिचे हात आपोआप हलायला लागतात. चादरीचा कोपरा गादीखाली कसा दुमडायचा ते ती हवेतच करून दाखवते. त्यासाठी जमल्यास व्हिडिओ घ्या. रुग्णांची नावे मात्र छापू नका, ती गुपिते तिने आयुष्यभर सांभाळलेली असतात.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला लिहा: कोण, कुठले हॉस्पिटल, अंदाजे कोणते वर्ष. पट्ट्याचे बक्कल, टोपी, पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या अडगळ म्हणून टाकू नका. नोकरीच्या तारखा पुष्कळदा त्या चिठ्ठ्यांवरूनच जुळतात.

आपल्याला एक विनंती. श्रद्धांजलीचा मजकूर स्वीकारताना जन्मगाव आणि आप्तांची नावे विचारली जातात. नर्स, दाई, वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही बाईसाठी त्यात आणखी तीन रकाने ठेवावेत: प्रशिक्षण कुठे झाले, पात्रता कोणती, कोणत्या वॉर्डांत किती वर्षे.

– एक निवृत्त परिचर्या शिक्षिका