ताई, "कुठपर्यंत पोचतंय?" या प्रश्नासाठी थँक्यू

ताई,

समोर येऊन थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "बरं बरं, कामाला लाग" म्हणून कटवलं असतं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

हेल्पडेस्कला लागलो तेव्हा मला ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत मांडणारं मॉडेल) सातही लेयर तोंडपाठ होते, खालून वर, वरून खाली, कसेही विचारा. क्लासमध्ये तेवढंच घोटून घेतलं होतं. आणि पहिल्याच आठवड्यात एका मशीनचं नेट गेलं तर मी काय केलं? ब्राउझर काढून परत टाकला, मग रिस्टार्ट, मग परत रिस्टार्ट. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात, ओरडला नाहीत (ओरडला असतात तर लाज जरा कमी वाटली असती), फक्त विचारलंत, "कुठपर्यंत पोचतंय?" मला तर प्रश्नच कळला नव्हता.

आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दाखवणारी कमांड) मारायला लावलंत, पत्ता निघाला १६९.२५४ ने सुरू होणारा. मी म्हटलं आयपी तर आहे की! तर तुम्ही म्हणालात, हा कोणी दिलेला नाहीये, मशीनने डीएचसीपीला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने आपला आपण घेतलाय. मी तरी हटून केबलचा लुकलुकणारा हिरवा लाइट दाखवत होतो. "लाइट आहे म्हणजे शेजारच्या स्विचपर्यंत (मशीनच्या केबली जोडणारा डबा) ठीक आहे. त्याच्या पुढचं काय?" टेबलाखाली वाकलो तर तिथे एक छोटा स्विच, आणि त्याची मेन स्विचकडे जाणारी केबल सुटून लोंबत होती, कोणाचा तरी पाय लागला असणार. तासभर मी ब्राउझरशी भांडत होतो!

तेव्हापासून तुमची ती वाट डोक्यात बसलीये. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच, पिंग ("आहेस का?" अशी हाक मारून उत्तराची वाट बघणं), म्हणजे आपलं घर जागेवर आहे का. मग गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला. मग एखाद्या साइटच्या नावाला. जिथे अडकलं तिथेच खणायचं. आणि लगेच दटावलंतही, की पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचा मेलाच असं धरू नकोस, फायरवॉलने गप्प बसवलेला असू शकतो. (पिंग हे माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलं आणि नाव सोनारच्या आवाजावरून ठेवलं हेही तुमच्याकडूनच कळलं, मी आपला त्याचा फुल फॉर्म शोधत बसलो होतो.)

पण खरं थँक्यू आहे ते त्या दोन पाकिटांच्या चित्रासाठी. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) असताना आयपी कशाला, हे मी तीनदा विचारलं असेल आणि प्रत्येक वेळी मान डोलवून न समजताच परत आलो असेन. चौथ्यांदा तुम्ही पाठकोऱ्या कागदावर पाकिटात पाकीट काढलंत. आतल्या पाकिटावर आयपी, शेवटी कुठे जायचंय ते. बाहेरच्यावर मॅक, आत्ता पुढच्या टप्प्यावर कोणाच्या हातात द्यायचंय ते. राउटर बाहेरचं फाडतो, आतलं वाचतो, नवीन पाकिटात घालून पुढे ढकलतो. सबनेट मास्क कशाला असतो तेही त्यातच सुटलं, २५५.२५५.२५५.० बघून मशीन एवढंच ठरवतं की पत्ता आपल्याच आळीतला आहे की गेटवेच्या हातात द्यायचाय. मग एआरपी -ए (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, ते मशीनला माहीत असलेलं दाखवणारी कमांड) मारून बघितलं, मी इतक्या साइट उघडलेल्या आणि लिस्टमध्ये त्यांच्यापैकी एकाचाही मॅक नाही, बाहेरच्या सगळ्यांसाठी फक्त गेटवेचा. तेव्हा जे डोक्यात टक्क वाजलं ना! नॅट आलं की आतल्या पाकिटावरचा पत्तासुद्धा बदलतो हे मात्र तुम्ही दोन महिने लपवून ठेवलंत. बरं केलंत, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी कागद टाकून पळालो असतो.

आता एक कबुली. मागच्या महिन्यात तुम्ही सुट्टीवर असताना एका मशीनवर एकही साइट उघडेना, पण ८.८.८.८ ला पिंग मस्त जात होतं. म्हणजे रस्ता आहे, नावाचा पत्ता लागत नाहीये, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा). पाच मिनिटांत सापडलं, डीएनएस सर्व्हरचा आयपी हाताने भरलेला आणि त्यात एक आकडा चुकलेला. सगळ्यांनी शाबासकी दिली. तो आकडा भरणारा मीच होतो, हे मी कोणाला सांगितलं नाही, आत्ता तुम्हाला सांगतोय.

कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे, कडेला चहाचा डाग पडलाय. नवीन मुलगा आलाय, त्याला काल तोच दाखवला. तो म्हणाला, मॅक असताना आयपी कशाला? म्हटलं बस.

तुमचा,
ब्राउझर काढून परत टाकणारा

ता. क. सव्वीसचं सबनेट (/२६, म्हणजे आणखी छोटी आळी) मी अजून बोटांवरच मोजतो. हसू नका.