गांधीलमाशीच्या वेषातला पतंग

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत फुलावर बसलेल्या एका काळ्या-पिवळ्या कीटकाचे सुरेख छायाचित्र ‘गांधीलमाशी’ अशा ओळीसह छापून आले. तो कीटक गांधीलमाशी नसून सेसिइडी कुळातला, पारदर्शक पंखांचा पतंग आहे. पाहणाऱ्याने फसावे म्हणूनच ज्याचे रूप घडले, त्याला पाहून छायाचित्रकार फसला यात त्याचा दोष थोडाच! मात्र ओळख पटवणाऱ्या खुणा त्याच छायाचित्रात ठळक दिसत होत्या, म्हणून हे पत्र.

गांधीलमाशीची कंबर अगदी बारीक असते, तर या पतंगाचे पोट छातीला जवळजवळ तेवढ्याच रुंदीने जोडलेले असते. त्याहून खात्रीची खूण म्हणजे शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा. गांधीलमाशीच्या शृंगिका मध्येच कोनात वळतात. पतंगाच्या मात्र सलग असून टोकाकडे जाड होत जातात आणि नीट पाहिल्यास अगदी शेवटी केसांचा चिमुकला झुपका दिसतो. पोटाच्या टोकाशीही खवल्यांचा झुबका असतो, तो पतंग बसल्यावर पंख्यासारखा पसरतो. पंख काचेसारखे आरपार दिसत असले, तरी त्यांच्या कडा, शिरा आणि पुढच्या पंखावरचा मधला ठिपका खवल्यांनी झाकलेला असतो. असे खवले गांधीलमाशीच्या पंखांवर नसतात. शिवाय या पतंगाला नांगी नसते. निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचे सोंग घेण्याच्या या प्रकाराची मीमांसा इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ मध्ये फुलपाखरांच्या अभ्यासातून मांडली, आणि दिवसाउजेडी उडणाऱ्या या पतंगांना तो पुरेपूर लागू पडतो.

फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मध पिणारा, हिरवट अंगाचा पारदर्शक पतंग दिसला, तर तो बहुधा सेफोनोडिस हायलास असतो. तो वेगळ्याच, म्हणजे स्फिंजिडी कुळातला असून त्याची अळी अनंत व कॉफी यांच्या पानांवर वाढते. कोशातून बाहेर पडताना त्याच्या पंखांवर खवले असतात, पण पहिल्या फडफडीतच ते झडून जातात. त्याला पाहून हमिंगबर्ड दिसल्याचे कळवणारे उत्साही लोकही काही कमी नाहीत.

सेसिइडी कुळात जगभरात १४००हून अधिक जाती आहेत, त्यामुळे कूळ ओळखले म्हणजे जात ओळखली असे होत नाही. त्यासाठी पोटावरचे पट्टे नेमके कोणत्या वलयांवर आहेत, शेपटीच्या झुबक्याचा व तोंडाजवळच्या स्पर्शकांचा रंग कोणता, हे पाहावे लागते. केवळ वरून टिपलेल्या छायाचित्रात यातले निम्मे लपते. म्हणून बाजूने आणि जमल्यास खालूनही छायाचित्र घ्यावे, आणि वेळ व झाड यांची नोंद ठेवावी. झाडाची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण या कुळातल्या बहुतेक अळ्या खोड, फांद्या किंवा मुळे पोखरत वाढतात आणि अनेक जाती ठरावीक झाडांवरच आढळतात. खोडावर गोल छिद्र आणि त्यातून अर्धवट बाहेर आलेले कोशाचे रिकामे, तपकिरी टरफल दिसले, तर पतंग नुकताच उडून गेला असे समजावे.

प्रौढ पतंग सहसा नजरेस पडत नाही, म्हणून अभ्यासक मादीच्या गंधाची कृत्रिम नक्कल वापरून नरांना बोलावतात. पीचच्या झाडाचे खोड पोखरणाऱ्या अशाच एका पतंगाच्या मादीचा गंध १९७४ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी ओळखला. एका जातीसाठी केलेल्या आमिषाकडे इतर जातींचे नरही येतात. त्यामुळे आमिषाजवळ पतंग दिसला एवढ्यावरून त्याची जात ठरवणे धाडसाचे होईल.

वाचकांनी पाठवलेली कीटकांची छायाचित्रे छापताना त्यांच्याकडून झाडाचे नाव व वेळ मागवून ती ओळीत द्यावी, आणि ओळख निश्चित नसेल तेथे केवळ कुळाचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक