मालीश करणाऱ्यांची परीक्षा घ्या, नोंद करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

आपण हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येता, तेव्हा सक्करदरा, मानेवाडा, महाल या भागांत माझी सकाळची फेरी चालू असते. बावीस वर्षं झाली, मी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते. लकवा मारलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हातपायही चोळून देते. आमच्या कामासाठी परीक्षा, नोंदणी आणि ओळखपत्र असावं, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मागच्या थंडीतली गोष्ट. सिझर होऊन नऊ दिवस झालेली मुलगी. सासूबाई म्हणाल्या, "बाई, डाव्या पायात गोळा आला हिच्या. जोरानं रगडून द्या न, मोकळा होईल." पोटरीला हात लावला तर गरम. कातडी ताणून चकाकत होती. मी पिशवीतला दोरा काढला, गुडघ्याच्या चार बोटं खाली उजव्या पोटरीला गुंडाळला आणि जिथे टोक आलं तिथे गाठ मारली. तोच दोरा डाव्या पोटरीला लावला, तर टोक गाठीला दोन बोटं कमी पडलं. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. म्हटलं, याला कोणी हात लावायचा नाही, आत्ताच दवाखान्यात न्या. सासूबाई चिडल्या, काम चुकवते म्हणाल्या. संध्याकाळी सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. मी ती पोटरी रगडली असती तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. त्यात माणूस उभ्या उभ्या जातो. घरात नऊ दिवसांचं बाळ होतं.

मला हे कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही. लग्नाआधी मी एका दवाखान्यात आया होते, तिथल्या एका सिस्टरनी सांगून ठेवलं होतं : बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर चोळायचा नाही. ती सिस्टर भेटली नसती तर मीही रगडलंच असतं. त्या मुलीचा जीव माझ्या नशिबावर टांगलेला होता, मंत्रिमहोदय. हे मला त्या दिवसापासून सहन होत नाही.

विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, किती रुग्ण आहेत, ते आपल्या खात्याला ठाऊक आहे. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून खचत जातं. असा पोरगा लंगडत येतो, घरचे म्हणतात नस चढली, आणि कोणीतरी त्याचा पाय धरून झटका देतो. शुगरवाल्यांच्या पायांना भाजलेलं कळत नाही, त्यांना कढत तेलाचा शेक देतात. कटिंगनंतर मान कडकन मोडून देणारे तर प्रत्येक चौकात आहेत. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात हे त्यांना कोण सांगणार?

फिजिओथेरपिस्टसाठी राज्याचा २००२ चा परिषदेचा कायदा आहे. २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. माझ्यासारखीने मात्र कुठे जाऊन नाव लिहावं? मसाज सेंटर उघडणाऱ्याकडे थोडेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली नुसती सूचना दिली की झालं. हात कुणाचा, तो काय शिकला, हे तो कायदा विचारत नाही.

माझ्या भाचीने एका खासगी संस्थेत पैसे भरून बारा दिवसांचा कोर्स केला. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. मी तिला विचारलं, कुणाला हात लावायचा नाही ते शिकवलं का? नाही म्हणाली. टॉवेलची घडी कशी घालायची, ते मात्र दोन दिवस शिकवलं होतं.

आणि एक दुःख आहे, ते लिहायला जड जातं. पिटाखाली, म्हणजे देहविक्रीविरोधी कायद्याखाली, कुठे छापा पडला की पेपरात 'मसाज सेंटरवर छापा' असं छापून येतं, आणि दुसऱ्या दिवशी लोक आमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. एका सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मी 'मसाज' लिहिलं, तर वॉचमनने सेक्रेटरीला बोलावलं. लकवा झालेले आजोबा वर वाट बघत होते आणि मी खाली अर्धा तास उभी होते. तेव्हापासून मी 'घरकाम' लिहिते. सरकारी ओळखपत्र गळ्यात असेल तर खरं काम लिहिता येईल.

म्हणून ही नोंदणी आरोग्य खात्याकडे असू द्या, पोलिसांकडे नको. परीक्षा तोंडी आणि हातांची घ्या, मराठीत घ्या. मी चौथी शिकले आहे. दहावी पासची अट घातलीत तर बावीस वर्षांचे हात एका दिवसात बेकायदा ठरतील आणि बारा दिवसांचं सर्टिफिकेट चालून जाईल. आमचा अनुभव तपासून मोजा आणि जे कमी आहे ते शिकवा. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपी शिकवतात, सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात पंचकर्म शिकवतात. शिकवणारे आमच्याच शहरात आहेत. वर्ग दुपारी ठेवा, कारण आमची कमाई सकाळची असते. दृष्टिहीन भावाबहिणींनाही यात जागा हवी. जपानमध्ये मालीशसाठी १९४७ पासून कायदा आहे, परवाना लागतो, आणि कितीतरी दृष्टिहीन माणसं तो मिळवून सन्मानाने पोट भरतात.

परीक्षेत पहिला प्रश्न एकच विचारा : हात कुठे लावायचा नाही? जिला उत्तर येणार नाही तिला थांबवा, मलाही थांबवा.

येत्या अधिवेशनात आम्हाला पंधरा मिनिटं द्यावीत. माझ्याबरोबर चौघीजणी येतील. सकाळची बाळं अकरापर्यंत आटोपतात, त्यानंतर केव्हाही बोलवा.

आपली नम्र,
मालीश करणारी एक बाई
मानेवाडा, नागपूर