पीएसआय राहू द्या, नोझल कुठे मिळतं ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गॅजेटच्या पानावर मध्यंतरी कॉर्डलेस वॉटर फ्लॉसरवर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या फटी साफ करणाऱ्या हातातल्या यंत्रावर, एक चौकट आली होती. त्यात किंमत, बॅटरी, मोड किती आणि पीएसआय (म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) किती, एवढंच. ऑनलाइन सेलच्या जाहिरातीत पण तेच, १०० पीएसआय, १२० पीएसआय, एकाने तर १४० छापलंय, म्हणजे दात साफ करायचेत की अंगण धुवायचंय तेच कळत नाही. आमच्या घरी हे यंत्र रोज चालतं, मुलीच्या दातांना तारा आहेत आणि सासऱ्यांच्या खालच्या दाढांना ब्रिज (शेजारच्या दातांवर पक्के बसवलेले कृत्रिम दात), त्यामुळे नातेवाईकांत कोणी घ्यायचं म्हटलं की फोन आमच्याकडेच येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जोर किती आहे त्याचा?" म्हणून हे पत्र.

जास्तीत जास्त जोर हा यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे असं माझं मत. हे यंत्र काही नवीन नाही, १९६२ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात एक डेंटिस्ट आणि एक इंजिनिअर यांनी मिळून पहिलं बनवलं, आणि त्यातली खरी युक्ती म्हणजे पाणी सलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडायचं, मिनिटाला हजाराच्या वर ठोके. पाणी हिरडीवर येतं, दाबतं, सोडतं, परत दाबतं आणि त्यात अडकलेलं सुटून बाहेर येतं. म्हणजे वरचा आकडा ७५ आहे का १४० याने फारसं काही अडत नाही, अडतं ते खालच्या आकड्यावर. बेसिनशेजारी ठेवायची वायरवाली मोठी मशीन असतात ती १० पीएसआयपासून सुरू होतात, हातातल्या कॉर्डलेसमध्ये मात्र सगळ्यात हळू मोडच ४०-४५ पासून सुरू होतो अशी चांगली नावाजलेली मॉडेलं पण आहेत. ज्याच्या हिरड्या आधीच सुजलेल्या, ब्रश केला की रक्त येतं, त्याला पहिल्याच दिवशी हे जड जातं, मग तो म्हणतो मला नाही झेपत आणि मशीन कपाटात जातं. खोक्यावर "कमीत कमी दाब" असा आकडा कोणीच ठळक छापत नाही, जास्तीत जास्तवाला मात्र एवढा मोठा.

दुसरी गंमत टायमरची. बहुतेक मशीन दोन मिनिटांनी आपोआप बंद होतात आणि ते कौतुकाने लिहिलेलं असतं. पण टाकी असते २०० मिलीची आणि मधल्या मोडवर ती पाऊण-एक मिनिटात रिकामी होते, मग तोंडात फेस, हात ओले आणि परत टाकी भरा. तारा असतील किंवा ब्रिज असेल तर ३०० मिलीच्या खाली घेऊच नये, आणि टाकी अशी हवी की सुटी करता येते आणि तिचं तोंड बोट जाईल एवढं मोठं. काहींना फक्त बाजूला एक छोटी रबरी खिडकी असते, तिथून पाणी भरता येतं पण आत घासता येत नाही, मग थोड्याच दिवसांत आत बोटाला बुळबुळीत लागायला लागतं आणि तेच पाणी आपण तोंडात मारतो.

टाकीच्या आत एक बारीक नळी असते तीपण बघून घ्या. ती जर ताठ कडक असेल तर वरच्या दाढांसाठी मशीन आडवं केलं की नळीचं टोक पाण्याच्या वर येतं, फुर्रफुर्र आवाज होतो आणि धार बंद. चांगल्या मॉडेलमध्ये नळी लवचिक असते आणि टोकाला छोटं वजन, मशीन कसंही धरलं तरी टोक पाण्यातच पडतं. खरेदी करताना टाकी काढून तिरकी करून बघायची, पाच सेकंदात कळतं, दुकानदार वैतागला तरी चालेल.

वापरायची पद्धत सांगायची तर खोक्यातला कागद इतक्या बारीक अक्षरात की सासऱ्यांना भिंग घेऊन वाचायला लागला. नोझल, म्हणजे धार सोडणारं पुढचं टोक, आधी तोंडात घालायचं आणि मग बटण दाबायचं, उलटं केलं की आरसा, शर्ट, शेजारचा माणूस सगळे ओले. बेसिनवर वाकायचं, ओठ हलके मिटायचे म्हणजे पाणी उडत नाही पण कोपऱ्यातून खाली गळत राहतं, गळू द्यायचं, गिळायचं नाही. आरशात बघत बसायचं नाही कारण मान वर केली की पाणी घशाकडे जातं. मागच्या दाढेपासून सुरू करून हिरडीच्या कडेकडेने पुढे यायचं, धार हिरडीला साधारण काटकोनात, आणि दोन दातांच्या फटीपाशी क्षणभर थांबायचं. पाणी कोमट घ्यायचं, थंड पाण्याने ज्यांचे दात ठणकतात त्यांना तर हे सांगायलाच हवं. मुलीच्या डॉक्टरांनी तारेसाठी पुढे बारीक ब्रश असलेलं नोझल लावायला सांगितलं, ते तारेच्या चौकोनी खड्यांभोवती फिरवलं की हुरड्याच्या दिवसांत बेसिनमध्ये जे काय पडतं ते बघून पुढचं जेवण नको वाटतं. सासऱ्यांच्या ब्रिजखाली तर ब्रश जातच नाही, आणि धागा ओवायला नजर आणि बोटं दोन्ही लागतात, त्यांच्यासाठी हे यंत्र खरंच कामाचं. नाहीतर पूर्वी काडी होती, काडी नसली की सेफ्टी पिन.

पण याने ब्रश सुटत नाही हे जाहिरातवाले सांगत नाहीत. दातावर चिकटलेला थर घासूनच निघतो आणि एकदा कीटण दगडासारखं बसलं की कुठलाच फ्लॉसर ते काढत नाही, त्याला डॉक्टरकडे स्केलिंगच. मशेरी आणि तंबाखूचे काळे डाग निघतील म्हणून कोणी घेत असेल तर पैसे वाचवावेत, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे जाऊन दात साफ करून घ्यावेत आणि उरलेल्या पैशांचं जे करायचं ते करावं. सुरुवातीला थोडं रक्त दिसतं ते हिरड्या सुजलेल्या असतात म्हणून, पण आठ-पंधरा दिवसांनीही थांबलं नाही तर मोड वाढवायचा नाही, डॉक्टर गाठायचा, डायबेटिस असेल तर आणखी लवकर. आणि नुकतीच दाढ काढली असेल किंवा हिरडीचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत याला हात लावू नये.

आता पाण्याचं. आम्ही लातूरकर, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं बघितलेली माणसं, त्यामुळे टाकीत कुठलं पाणी घालायचं हा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. सरळ नियम, जे पाणी आपण पितो तेच. बोअरचं किंवा टँकरचं पाणी घातलं तर एकतर ते तोंडात जातं, आणि दुसरं म्हणजे त्यातला क्षार नोझलच्या सुईएवढ्या भोकात बसतो, धार आधी वाकडी होते, मग अर्धी. माणसाला वाटतं बॅटरी गेली. बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत असते, कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून मशीन एकदा चालवायचं, मग साध्या पाण्याने एकदा, की धार परत सरळ. रोज वापरून झालं की टाकी पालथी करून उघडी ठेवायची, पाणी भरून ठेवायचं नाही. आणि आयपीएक्स७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं रेटिंग आहे पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असेल तरच, आणि ते झाकणच सगळ्यात आधी सैल होतं. ओल्या बाथरूममध्ये चार्जिंगला लावू नये, पुसून बाहेर आणून लावावं.

आणि आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. नोझल दर तीन ते सहा महिन्यांनी बदलायचं असं कागदावर लिहिलेलं असतं. आमच्या आधीच्या मशीनबरोबर दोन आली होती, ती संपल्यावर शोधायला लागलो तर विक्रेत्याच्या पानावर नोझल "सध्या उपलब्ध नाही", कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर आलं नवीन मॉडेल घ्या, त्यावर सूट देतो. दुसऱ्या कंपनीचं नोझल बसत नाही कारण प्रत्येकाची खाच वेगळी. म्हणजे मोटर चांगली, बॅटरी चांगली आणि पावभर प्लास्टिकचं मशीन भंगारात, कशासाठी तर चिमूटभर तुकड्यासाठी. बॅटरीचं तेच, आतली लिथियम आयन बॅटरी दोन-चार वर्षांनी उतरते आणि बहुतेक मॉडेल उघडताच येत नाहीत. घरच्या कचऱ्यात टाकायचं नाही, ई-कचऱ्यात द्यायचं, पण तालुक्याच्या गावात ई-कचरा घेणारा कोण हे कोणी सांगेल का?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे घेतलेली वस्तू दुरुस्त करून मिळण्याच्या हक्काचं, पोर्टल काढलं. मोबाइल, गाड्या, फ्रिज यांची चर्चा होते, पण हजार-दीड हजारापासून पाच-सहा हजारापर्यंतच्या या छोट्या वस्तूंकडे कोणी बघत नाही आणि खरं तर घरोघरी साचतात त्या ह्याच. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, मूळ देश आणि तक्रारीचा नंबर असायलाच लागतो, तो बघूनच घ्यावं, नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगावं. आणि घेण्याआधी त्याच कंपनीचं सुटं नोझल आज विकायला आहे का आणि कितीला ते शोधावं. सापडलं नाही तर मशीन कितीही स्वस्त असू दे, सोडून द्यावं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी पुरवणीत अशी चौकट आली तर त्यात चार रकाने वाढवा, कमीत कमी दाब, भरलेली टाकी किती सेकंद चालते, सुट्या नोझलची किंमत आणि बॅटरी बदलून मिळते का. कंपन्यांना हे विचारलं तर निम्म्यांकडून उत्तर येणार नाही असा माझा अंदाज आहे, पण मग रकाना कोराच छापा, वाचकांना तेवढं पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर