अंतराच्या पाटीवर मोजणीचं सालही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या पाट्यांबद्दल एका वाचकाचं संतापलेलं पत्र आपल्या अंकात वाचलं. महाडच्या अलीकडच्या पाटीवर पणजीचा जो आकडा आहे, त्यापेक्षा पलीकडच्या पाटीवर चार किलोमीटर जास्त, म्हणजे पुढं जावं तसा गोवा लांब पळतो, अशी त्यांची तक्रार. त्यावरून त्यांनी कंत्राटदारापासून वरपर्यंत सगळ्यांना धुऊन काढलंय. धुवायला माझी हरकत नाही. २०११ पासून हा रस्ता चौपदरी होतोय आणि आम्ही पोलादपूरकरांनी त्याला आमच्या पाठीचे मणके वाहिलेत. पण या एका बाबतीत चोरी कुणी केलेली नसावी. त्या दोन पाट्या दोन वेगळ्या काळात मोजलेल्या आहेत, एवढंच.

हे सांगायचा अधिकार काय, तर मी एस.टी.त चौतीस वर्षं वाहक होतो आणि माझे वडील बांधकाम खात्यात मैलकुली. कशेडी घाटातला ठरावीक मैलांचा रस्ता त्यांच्या अंगावर असायचा. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, दरड आली तर मुकादमाला कळवायचं आणि पावसाळा संपला की दगडांना चुना लावून आकडे पुन्हा काळे करायचे. मी तिसरीत की चौथीत असताना, कुलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दीवर, हातात काळ्या रंगाचा डबा धरून त्यांच्या मागं हिंडलोय. वडिलांना अक्षरओळख बेताची. साहेबानं दिलेल्या कागदावरचा आकडा ते चित्र काढावं तसा दगडावर काढायचे. पाचाचं पोट नेहमी मोठं व्हायचं.

ते दिवस मैल जाऊन किलोमीटर येण्याचे होते. १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली, ती आमच्या घाटात दगडांच्या रूपानं ट्रकमधून उतरली. आधी मैलाच्या दोन दगडांमध्ये फर्लांगाचे सात छोटे दगड असायचे. आता किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दोनशे मीटरचे चार आले. गंमत म्हणजे फर्लांग भरतो २०१ मीटर आणि थोडासा वर, म्हणजे छोट्या दगडांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. बदलला तो मोठ्या दगडावरचा आकडा. मुंबई सव्वाशेच्या आसपास होती, ती एका रात्रीत दोनशेवर गेली. डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं वडिलांना विचारलं होतं, “मुंबई कुणी हलवली रं?” वडिलांकडं उत्तर नव्हतं. पगार तेवढाच मिळणार हे त्यांनी मुकादमाला आधीच विचारून घेतलं होतं.

त्यातही हिशेबाची एक मेख आहे. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर हे तोंडी गणित आम्ही सगळेच करायचो. पण मैल १.६०९ किलोमीटरचा. तीनशे मैलांचे तोंडी ४८० होतात, खरे ४८२.८. कुणी रस्त्यावर पाऊल न ठेवता जवळजवळ तीन किलोमीटर इथंच गेले.

पुढं वाशीचा खाडीपूल झाला, १९७३ साली. त्याआधी मोटारीनं मुंबईहून पनवेलला यायचं तर ठाणे, मुंब्रा असा वळसा. पूल झाला आणि मुंबई जवळ आली. पण आमच्या घाटातले दगड काही त्या दिवशी उठून बसले नाहीत. म्हणजे कितीतरी काळ दगड एका वाटेनं मुंबईला जात होते आणि गाड्या दुसऱ्या.

दगड का बदलत नाहीत, हे मला नोकरीत एका गुरुजींमुळं कळलं. एस.टी.चं भाडं टप्प्यावर, टप्पा सहा किलोमीटरचा. हे गुरुजी खिडकीत बसून दगड मोजत आले आणि उतरायच्या आधी म्हणाले, “तुम्ही एक टप्पा कमी लावलाय, वरचे पैसे घ्या.” जास्त पैसे देण्यासाठी भांडणारा प्रवासी मी चौतीस वर्षांत हा एकच पाहिला. माझ्या तक्त्याप्रमाणं तिकीट बरोबर होतं, त्यांच्या दगडांप्रमाणं चूक. घरी वडिलांना सांगितलं तर ते हसले. वाटेतलं एक अवघड वळण कापून रस्ता सरळ केला होता. तिथं दोन दगडांमधला किलोमीटर सातशे मीटरचाच उरला होता. वडिलांचा शब्द ‘आखूड किलोमीटर’. मग पुढचे दगड तीनशे मीटर मागं का नाही घेतले? तर गोव्यापर्यंतचा प्रत्येक दगड उपटावा लागेल. शिवाय नुसत्या दगडांवर भागत नाही. मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर १४२/३ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे त्या किलोमीटरातली तिसरी मोरी. अपघाताचा पंचनामा, भूसंपादनाची कागदपत्रं, दुरुस्तीची बिलं, सगळी त्याच आकड्यांना बांधलेली. दगड हलवला की दप्तर हललं. त्यापेक्षा एक किलोमीटर आखूड राहिलेला बरा. इंजिनीअर अजून रस्त्यावरच्या या आकड्यांना ‘साखळी क्रमांक’ म्हणतात. जमीन मोजायची साखळी कधीच गेली, ती ६६ फुटांची असायची, मैलाला ऐंशी. आमच्या महामार्गाचा सतराचा नंबर जाऊन ६६ आला तेव्हा मला उगाच वाटलं होतं की कुणी तरी जुना माणूस खात्यात शिल्लक आहे.

आता पत्रलेखकाच्या पाट्या. गावाबाहेरून वळणरस्ते निघाले, घाटाची वळणं कापली गेली आणि कशेडीला सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे झाले. त्यातला एक २०२३ च्या गणपतीत हलक्या गाड्यांना खुला झाला. घाटानं जाणाऱ्याची पणजी आणि बोगद्यानं जाणाऱ्याची पणजी एकच असली तरी वाट एक नाही. एक पाटी जुन्या रस्त्याची, दुसरी नव्या आखणीची असली की आकडे भांडणारच.

दुसरी गोष्ट, मुंबई म्हणजे कुठं? गोऱ्यांच्या काळात शहरातले मैल फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजले. रोमन आकड्यांचे ते काळे दगड काही ठिकाणी फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत गाडलेले सापडले. आमचा महामार्ग मात्र शून्य मोजतो तो पनवेलला. समृद्धीचं तर विचारूच नका. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर म्हणतात, पण तो रस्ता ठाणे जिल्ह्यात आमणे इथं सुरू होतो आणि नागपूरबाहेर शिवमडक्याला संपतो. फोर्टात राहणाऱ्यानं ७०१ धरून डबा बांधला तर उपाशी राहील.

मुलगी नागपूरला असते म्हणून तिथला झीरो माइलचा दगडही पाहून आलो. १९०७ चा. भारताचा मध्य वगैरे सोडून द्या, मला त्याच्या बाजूंवर कोरलेली अंतरं वाचायची होती. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०. तिथंच उभं राहून नातीच्या मोबाइलवर गणित केलं. हैदराबादचे ५१२ किलोमीटर होतात आणि आज रस्त्यानं ते पाचशेच्या आसपास पडतं. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक, सपाट मुलुखाचा गुण! आमच्या कोकणात एकेका घाटामागं आकडा हलतो.

त्या दगडात मला आवडलं ते हे की त्याचं साल ठाऊक आहे. म्हणून आकडा चुकला तरी तो खोटा ठरत नाही. आपल्या नव्या पाट्यांवर तेवढंच हवंय. कोपऱ्यात लहान अक्षरात मोजणीचं वर्ष, आणि ‘मुंबई’ म्हणजे कोणत्या नाक्यापर्यंत. रंगाऱ्याला दोन मिनिटांचं काम. आणि बोगद्यामुळं जुन्या घाटातली वर्दळ कमी झाल्यावर तिथले दगड भरावात टाकू नयेत, ही दुसरी विनंती.

मैल गेले तेव्हा उपटलेला फर्लांगाचा एक दगड वडिलांनी खांद्यावरून घरी आणला होता. आमच्या न्हाणीत त्यावर अजून कपडे धुतले जातात. पालथा घातलाय, पण खाली बोट घातलं तर आकडा लागतो. सरकारी माल आहे, खात्यानं मागितला तर परत करीन.

आपला,
एक निवृत्त वाहक, पोलादपूर