तडितरोधक छतावर आहे, पण अर्थिंगचे काय?

संपादक महोदय,

वळवाच्या पावसाबरोबर मराठवाड्यात आणि विदर्भात विजा कोसळू लागल्या की दगावलेल्या माणसांची व जनावरांची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र त्याच विजेने पेटलेली घरे, गोठे, कडब्याच्या गंजी आणि कापसाची गोदामे यांची दखल पंचनाम्यापलीकडे क्वचितच घेतली जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप माणसाला आडोसा शोधण्याइतका अवधी देते, परंतु इमारतीला पळून जाता येत नाही.

पडणाऱ्या विजेतून साधारणपणे ३० हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहतो. तो बहुधा क्षणार्धात ओसरतो. पण काही विजांमध्ये त्यामागोमाग कमी तीव्रतेचा प्रवाह सेकंदाचा काही अंश टिकून राहतो आणि लाकूड, कापूस, वायरींचे आवरण पेटते ते मुख्यतः त्यामुळेच. तडितरोधकाचे, म्हणजे गच्चीवरची धातूची दांडी व तिची जमिनीपर्यंतची जोडणी यांचे, काम वीज हुसकावून लावण्याचे नसून तिला सरळ जमिनीत उतरवण्याचे आहे. त्यामुळे गच्चीवरची दांडी कितीही उंच असली तरी तिच्यापासून खाली जमिनीत येणारी धातूची पट्टी मध्येच तुटलेली असेल, तर वीज भिंतीतल्या वायरिंगचा, पाण्याच्या पाइपचा किंवा डिश अँटेनाच्या केबलचा रस्ता धरते.

पट्टी तुटण्याची कारणे अगदी साधी असतात. रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग करताना ती उखडली जाते, तांब्याची असेल तर चोरीला जाते, आणि गच्चीवर नव्याने बसवलेले सौर पॅनेल तिला जोडायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. अर्थिंगची गोष्ट त्याहून अवघड आहे. आपल्याकडचा खडक आणि मुरूम उन्हाळ्यात इतका कोरडा पडतो की जुलैत समाधानकारक भरलेला अर्थिंगचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) मे महिन्यात, म्हणजे नेमक्या वळवाच्या दिवसांत, कितीतरी वाढलेला असू शकतो. तडितरोधकाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमपेक्षा कमी असावा, अशी शिफारस आहे. तो उन्हाळ्यात मोजून पाहणाऱ्या सोसायट्या किती असतील, याची शंकाच आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. तडितरोधकासाठी या दोन्ही वेळा सोयीच्या नाहीत. शाळा, रुग्णालये, उंच इमारती, जिनिंग कारखाने आणि गोदामे यांच्या तडितरोधकाची पट्टी व अर्थिंग यांची तपासणी दरवर्षी मार्चअखेर सक्तीची करावी आणि मोजलेला आकडा दर्शनी भागात लावावा, अशी माझी शासनाला विनंती आहे.

जाता जाता खरेदीबद्दलही लिहितो. एकच दांडी शंभर मीटरच्या परिसराचे रक्षण करील, अशा दाव्यांनी काही उपकरणे विकली जातात. इमारतींच्या तडितसंरक्षणासाठीचे आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक दांडीचे संरक्षणक्षेत्र तिची प्रत्यक्ष उंची आणि जागा यांवरूनच ठरवते, त्यात अशा दाव्यांना स्थान नाही. ग्रामपंचायतींनी निविदेत या मानकाचा स्पष्ट उल्लेख करावा आणि पट्टी, जोड व अर्थिंग यांची किंमत वेगळी दाखवायला लावावी.

— एक विद्युत अभियंता, लातूर