बारा प्रश्न

रावेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, गुडघा बरा झाला, पण कबड्डीत चढाईला पाऊलच उचलत नाही." मी पटकन बोलून गेलो, "मन घट्ट कर." तेव्हापासून ते शब्द मलाच टोचताहेत. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या त्या तुटलेल्या दोरीच्या ऑपरेशनला दहा महिने झाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, म्हणजे सगळं आटोपलं असं मी धरून चाललो. चुकलंच माझं.

खरं तर दिवाळीत मी पाहिलं होतं. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना दर वेळी उजवाच पाय आधी खाली टेकायचा आणि हात आपोआप गुडघ्यावर जायचा. दुखतंय का विचारलं की तू नाही म्हणायचीस. दुखत नव्हतंच.

काल तुझ्या फिजिओ मॅडमशी बोललो. त्या म्हणाल्या, जी दोरी तुटली तिच्यात पाय कुठे आहे, किती वळलाय हे मेंदूला कळवणारे तंतूही असतात. नवी दोरी पक्की बसली तरी ती खबर पहिल्यासारखी पोचत नाही. पुन्हा दुखापत होईल ही धास्ती तर इतक्या खेळाडूंना असते की ती मोजायला बारा प्रश्नांची प्रश्नावलीच आहे. पोरी, जी गोष्ट डॉक्टर लोक मोजतात तिला भित्रेपणा कसं म्हणायचं?

आपली केळी वादळात आडवी झाली, त्यानंतर दोन वर्षं रात्री वारा सुटला की मी अंगणात येऊन उभा राहायचो. झाडं दोऱ्यांनी बांधलेली असायची, तरीही. तुझी आई कधी "झोपा आता" म्हणाली नाही. शेजारी येऊन बसायची. मी तुझ्याशी तसं वागायला हवं होतं.

विनेश फोगट २०१६ला रिओत चीनच्या सुन यानानशी खेळताना गुडघा जायबंदी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेली. २०१८च्या जकार्ता एशियाडला पहिलीच कुस्ती त्याच सुन यानानशी. ती जिंकली, पुढे सुवर्णही मिळवलं. मला मात्र सुवर्णापेक्षा त्या कुस्तीआधीची तिची रात्र जास्त आठवते, म्हणजे कशी गेली असेल ते.

मॅडम म्हणाल्या तसं कर. आधी रिकाम्या मॅटवर एकटीच, चढाईत ओलांडायची असते त्या निदानरेषेपर्यंत जाऊन ये. मग समोर एकच बचावपटू, तीही पकड न करणारी. खरी पकड त्यानंतर, तू हो म्हणशील तेव्हाच. आणि व्यायामाच्या वहीत "दुखलं" आणि "भीती वाटली" असे दोन वेगळे रकाने आख. आजवर तू दुसरं पहिल्यात लिहीत होतीस किंवा लिहीतच नव्हतीस.

रविवारी पुण्याला येतोय. आईने कळण्याचं पीठ आणि बामणोदची वांगी बांधून ठेवलीत. तू सांगितलंस तर मैदानावर येऊन कडेला बसेन, काही बोलणार नाही. नको म्हणालीस तर होस्टेलवरच भेटू.

तुझे पप्पा